व्हरांड्यातले दोन तास

नऊ चाळीस. सिस्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहते, मग स्वतःच्या मनगटाकडे, आणि मनगटावरची वेळ रजिस्टरात लिहिते. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे. "दोन तास म्हनजे दोन तासच पाहिजे, मॅडम," ती मला सांगते. "गोळीचं एखाद वेळी चालून जाते मागं-पुढं. याचं नाई चालत."

समोरच्या बाकावर दोघीजणी स्टीलचे पेले धरून बसल्या आहेत. पेल्यात ३०० मिलिलिटर पाणी, त्यात विरघळवलेलं ७५ ग्रॅम ग्लुकोज आणि वरून अर्धं लिंबू. लिंबाचं झाड केंद्राच्या मागेच आहे. धाकटी पहिला घोट घेते आणि तोंड वाकडं करते. थोरली तीन दमांत पेला रिकामा करून पदराने ओठ पुसते. "लगित गोड हाये," एवढंच म्हणते.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं हे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. तारीख ९ ऑगस्ट. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांना डॉक्टरने स्वतः तपासायचं, हा सरकारी नेम २०१६ पासूनचा. ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिनही आहे, त्यामुळे पिवळे झेंडे लावलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या सकाळपासून रस्त्यावरून जात आहेत. थोरली तसल्याच एका ट्रॉलीत बसून आली. एरवी जंगलातून चार किलोमीटर चालून डांबरी रस्ता गाठायचा आणि मग मिळेल त्या गाडीला हात करायचा. रोवणीचे दिवस आहेत. तिच्या पायावरचा चिखल वाळून पांढरा पडला आहे. घोट्यापर्यंत पायमोजे घातल्यासारखा दिसतो.

मी इथे पाहुणी. भाची या केंद्रात डॉक्टर आहे, आणि चंद्रपूरला घरी बसून करायचं काय म्हणून मी चार दिवसांसाठी आले आहे. बत्तीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. स्वादुपिंडाचा तक्ता काठीने दाखवत 'इन्सुलिन' हा शब्द हजारो वेळा उच्चारला असेल. पण ज्या बाईच्या आत ते घडतंय तिच्यासमोर, तिच्या घड्याळाने, दोन तास बसण्याची ही पहिलीच वेळ.

धाकटीचा पेला अजून अर्धा आहे. वय वीस, पहिलटकरीण, तिसरा महिना. आज ती पहिल्यांदाच तपासणीला आली आहे. चौकटीचा कोरा टॉवेल गळ्याभोवती घेतलेला तिचा नवरा दाराशी उभा. आत यावं की नाही हे त्याला ठरवता येत नाही. आशाताई तिच्या पाठीवरून हात फिरवते. पाच-दहा मिनिटांत पेला संपवायला हवा, आणि अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर आजची तपासणी बाद; उद्या पुन्हा यायचं. उद्या म्हणजे पुन्हा जंगल, पुन्हा नाला. तिच्या गावाच्या नाल्याला पाणी चढलं तर उद्या कसलं, आठवडाभर नाही. म्हणून व्हरांड्यातल्या सगळ्या बायका आता तिच्या तोंडाकडे पाहत आहेत.

"लिंबू हुंग," थोरलीची माय सांगते. थोरलीसोबत तिची आई आली आहे, मांडीवर जर्मनचा डबा घेऊन. डब्यात भात आणि सुक्या मासोळ्यांची भाजी असल्याचं वासावरून सगळ्यांना कळलं आहे. धाकटीला तर फारच कळलं आहे. आशाताई डोळ्यांनी खुणावते आणि माय डबा उचलून बाकाखाली, पार मागे सरकवते.

थोरलीला मी विचारते, सकाळी काही खाल्लं होतं का. "रात्रीचा भात व्हता पान्यात. चार घास." किती वाजता? ती हसते. कोंबडं आरवलं तेव्हा.

हे चार घास खाल्लेले चालतात, ही या तपासणीची मोठी सोय. मधुमेहाची पाठ्यपुस्तकी तपासणी उपाशीपोटी असते: रात्री जेवा, सकाळी काही न खाता या, रक्त द्या, ग्लुकोज प्या, पुन्हा दोनदा रक्त द्या. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत ते जमतं. इथे पोटुशी बाई पहाटे उपाशी निघाली तर पोहोचेपर्यंत चक्कर येऊन पडेल. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांनी धरून ठेवलेला मार्ग म्हणूनच वेगळा: खाल्लेलं असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज द्या आणि दोन तासांनी एकदाच रक्त तपासा. आकडा १४० किंवा त्यावर गेला की गरोदरपणातला मधुमेह समजा. केंद्र सरकारने हाच मार्ग स्वीकारला. पहिली तपासणी पहिल्या भेटीत, दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. बाकावरच्या दोघी नेमक्या या दोन टोकांना बसल्या आहेत. धाकटीचा बारावा आठवडा, थोरलीचा सव्विसावा.

दहा वाजत आले. पेले रिकामे झाले आहेत, सिस्टरने ते धुवून उपडे घातले आहेत. बाहेर पाऊस असा कोसळतोय की पत्र्याखाली बोलणं थांबतं.

आत काय चाललंय? हिशोब करून पाहावा. थोरलीचं वजन सकाळी काट्यावर ४३ भरलं. तिच्या अंगातलं रक्त धरा साडेतीन-चार लिटर. गरोदरपणात ते वाढतं, तरी त्याच्या आसपास. त्यात एरवी विरघळलेली साखर किती? जेमतेम तीन-चार ग्रॅम. चहाचा एक चमचाही पुरता भरणार नाही. हृदय, मेंदू, हात, पाय आणि आतलं बाळ, सगळा संसार त्या चमचाभर साखरेवर चालतो, आणि ती संपत नाही कारण यकृत मागून थोडी थोडी सोडत राहतं. या चमच्यात तिने आत्ता पंधरा चमचे ओतले. दोन तासांत ही भरती ओसरते की नाही, एवढंच सिस्टरला पाहायचं आहे.

धाकटीची भरती बहुधा लवकर ओसरेल. पहिल्या तीन महिन्यांत आईचं शरीर इन्सुलिनचं नीट ऐकतं. येणारी साखर ते भराभर आत घेतं, चरबी करून साठवतं. पुढे लागणार आहे हे त्याला आधीच ठाऊक असल्यासारखं. पेरणीआधी घरात दाणा भरून ठेवावा तसं.

चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर वागणूक बदलते. आणि बदलते ती वारेमुळे. माझ्या तक्त्यात स्वादुपिंड होतं, यकृत होतं, स्नायू होता, वार नव्हती. मधुमेह एका धड्यात आणि गर्भधारणा दुसऱ्या, अशी आमची वाटणी. इतकी वर्षं मी त्या दोन धड्यांमधली भिंत सांभाळली याचं आता हसू येतं. वार म्हणजे बाळाचं अन्न गाळून देणारी चाळणी, एवढंच मी मुलांना सांगत होते. प्रत्यक्षात ती संप्रेरकांचा कारखाना आहे. तिची आणि तिच्या जोडीची इतर संप्रेरकं मिळून आईच्या स्नायूंचे आणि चरबीचे कान बंद करत आणतात. इन्सुलिन दार ठोठावतं. स्नायू ऐकून न ऐकल्यासारखं करतात. शेवटच्या महिन्यांत ही ऐकण्याची ताकद निम्म्याहून खाली येते.

ऐकायला आजारासारखंच वाटतं. पण इथे बसून समोरच्या रस्त्यापलीकडच्या बांध्या पाहिल्या की उलगडा होतो. उतारावर एकाखाली एक भाताच्या बांध्या आहेत. वरच्या बांधीत पाणी तुंबल्याशिवाय बांधाच्या फटीतून ते खालच्या बांधीत उतरत नाही. पाणी ढकलायला कुणी लागत नाही, नुसती पातळी लागते. साखरही वारेतून बाळाकडे अशीच जाते: जास्तीकडून कमीकडे, आपली आपण. आईच्या स्नायूंनी जेवणानंतरची सगळी साखर लगेच शोषून घेतली तर पातळी खाली येईल आणि खालची बांधी कोरडी पडेल. म्हणून स्नायूंना थोपवायचं. आईने आपल्या चुलीत चरबी जाळायची, साखर बाळासाठी तुंबवून ठेवायची. भरल्या दिवसांचं तीनेक किलोचं बाळ रोज वीस ते तीस ग्रॅम साखर खेचतं. रात्री आई झोपली तरी त्याचं खेचणं चालूच असतं.

फक्त एक अडचण. पाणी तुंबवलं आणि बांध फुटला तर? तो फुटू नये म्हणून आईचं स्वादुपिंड इन्सुलिन वाढवत नेतं, अखेरीस दुप्पट ते अडीचपट. दार ठोठावणारे हात वाढवायचे म्हणजे थोडंतरी ऐकू जाईल. बहुतेक बायांचं स्वादुपिंड ही ओढाताण निभावून नेतं आणि त्यांना तिचा पत्ताही लागत नाही. ज्यांचं निभावत नाही त्यांचा आकडा दोन तासांनी १४० च्या वर राहतो. वार पडली की सगळं प्रकरण काही तासांत मावळायला लागतं. एवढा मोठा कारभार एका दिवसात गुंडाळणारा दुसरा अवयव मला तरी ठाऊक नाही.

"आता ओकली तरी चालते," सिस्टर जाहीर करते. सव्वादहा. अर्धा तास उलटून गेला आहे. व्हरांड्यात हसू पसरतं, दाराशी उभा असलेला नवराही हसतो आणि मग आपण हसलो म्हणून लाजतो. धाकटी मात्र ऐकायला जागी नाही. थोरलीच्या मायच्या खांद्यावर डोकं टाकून तिला झोप लागली आहे. दोघींची सकाळपर्यंत ओळखही नव्हती.

भाची आतल्या खोलीत एकेकीला तपासते आहे. अकराजणी आल्या आहेत. मधूनच ती बाहेर येते, चहाचा एक घोट घेते. "मावशी, कंटाळलीस?" मी नाही म्हणते. ती थोरलीचं कार्ड उचलून पाहते. हिमोग्लोबिन ८.६. भुवया जवळ आणते. सिकलसेलची तपासणी झालेली आहे, थोरली वाहक निघाली आहे. या भागात ते नवल नाही.

मी तिला विचारते, गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती रक्ताची तपासणी असते ना, तीच करून टाकावी, हा दोन तासांचा खटाटोप कशाला? भाची मान हलवते. ती तपासणी तांबड्या पेशींवर चिकटलेली साखर मोजते, आणि पेशी साधारण १२० दिवस जगतात हे त्यात गृहीत धरलेलं असतं. सिकलसेलच्या रुग्णात पेशी कितीतरी आधी फुटतात, तिथे तो आकडा फसवा. रक्तक्षयातही त्याचा भरवसा धरवत नाही. "इथे त्या आकड्यावर विसंबले तर माझीच फसगत." मग बोटातून थेंब घेऊन आकडा दाखवणाऱ्या यंत्राकडे बोट करते. "तेही साधं नाही. रक्त पातळ असलं की काही यंत्रं साखर थोडी वाढवून दाखवतात." एवढं बोलून ती आत जाते. चहा तसाच राहतो, त्यावर साय धरते.

शहरात बसून मधुमेहाची जी कल्पना केलेली असते, तिच्यात ४३ किलोची, ८.६ हिमोग्लोबिनची, रोज आठ तास वाकून रोवणी करणारी बाई बसत नाही. थोरलीच्या मायलाही ते बसवता येत नाही. मी तिला सोप्या शब्दांत सांगू पाहते तर ती म्हणते, "शुगर तं साहेब लोकांची बिमारी हाये जी. आमी का खातो साखर? चहा बी कोराच रायते." ती माझी समजूत काढते आहे की माझी फिरकी घेते आहे, सांगता येत नाही.

पण तिच्याच बोलण्यातून मला एक धागा सापडतो. लेकीच्या जन्माचं विचारलं तर ती दोन हात जवळ आणून माप दाखवते, वीतभर. "एवढीशी व्हती. मुसळीवानी. ती बाई आली, काट्याले झोरी टांगली, त्यात हिले टाकलं आन् म्हने, दोन किलो बी नाई." माहेर गडचिरोलीच्या बाजूचं. कुठली बाई? "सर्चवाली."

मी सरसावून बसते. याच धानोरा रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम आहे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था १९८६ पासून या जिल्ह्यात काम करते. नव्वदच्या दशकात त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बाया शिकवून तयार केल्या आणि घरात जन्मलेली बाळं घरातच तोलायला, जपायला लावली. १९९५-९६ या पहिल्या वर्षी नोंदवलेल्या ७६३ नवजात बाळांपैकी शंभरात ४२ अडीच किलोंच्या आतली निघाली. त्या कामातून बालमृत्यू किती घटले ते १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, जगभर गाजलं, पुढे आशाताईंच्या घरभेटींत उतरलं. ते सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र आज पहिल्यांदा लक्षात येतं की झोळीत तोललेल्या त्या बाळांतल्या मुली आता तिशीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांचीच बाळंतपणं चालू आहेत. थोरली एकोणतीस वर्षांची आहे.

कमी वजनाने जन्मलेल्या मुलीला पुढे मधुमेहाचा धोका जास्त, गरोदरपणातल्या मधुमेहाचाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांचा माग ठेवला. गर्भधारणेआधी या बायांचं सरासरी वजन बेचाळीसेक किलो, थोरलीसारख्याच. त्यांची बाळं इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. हाड बारीक, मांस कमी, पोट लहान. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. काडीपैलवान बाळ आतून चरबीदार. पुढे नाळेच्या रक्तात इन्सुलिनही चढंच सापडलं. उपाशी पोटात वाढलेलं बाळ साखर जपून वापरायला शिकून येतं. स्वादुपिंड त्याला पुरेसं बांधता आलेलं नसतं. मग तीस वर्षांनी त्याच स्वादुपिंडाला वार सांगते, दुप्पट काम कर.

यात खाणं बदललं त्याची भर. कोदो, कुटकी, कोसरी पिकवणं कमी झालं, रेशनचा पांढरा तांदूळ आला, आणि सकाळ-दुपार-रात्र भातच. हे मी मायला विचारून घेतलं आहे. "भातच तं पोट भरते जी."

अकरा वाजून गेले. पाऊस थांबला. रस्त्यावरून ढोल वाजवत आणखी एक ट्रॉली जाते, झेंडे भिजून दांड्यांना चिकटलेले. थोरली बसल्या जागी पायाच्या बोटांनी चिखलाचे पापुद्रे सोलते आहे. रोवणी लागल्यापासून इतका वेळ ती रिकामी बसलेली नाही, असं ती सांगते, आणि तक्रारीच्या सुरात सांगते. गंमत अशी की आकड्याला हे बसणंच नडतं. राबणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर उचलतो. ती आत्ता चिखलात वाकलेली असती तर त्या पंधरा चमच्यांतले काही मांड्यांनी परस्पर संपवले असते. मधुमेहाच्या प्रत्येक पत्रकावर 'रोज अर्धा तास चाला' असं छापलेलं असतं. हिला चालायला सांगायचं?

"भूक लागली," ती हळूच म्हणते. पंधरा चमचे ग्लुकोज पिऊन दीड तास झालाय, आणि भूक. ही भूक खोटी नाही. शिकागोत डॉ. नॉर्बर्ट फ्राइंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये एक साधी गोष्ट दाखवली होती: शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईने रात्रीच्या उपासावर सकाळची न्याहारी चुकवली, की काही तासांतच तिची साखर उतरते आणि चरबी जळाल्याची खूण असलेले कीटोन रक्तात चढतात. गरोदर नसलेल्या बाईला जे व्हायला फार जास्त उपास लागेल ते हिला अर्ध्या सकाळीत होतं. याला त्यांनी वेगवान उपासमार म्हटलं. म्हणजे जेवली की साखर जास्त वेळ वर राहते, आणि जेवली नाही की लवकर तळाला जाते. दोन्ही एकाच बाईत, एकाच दिवसात. आमच्याकडे संकष्टी, हरतालिका सहाव्या-सातव्या महिन्यातही निष्ठेने चालत. मी स्वतः केल्या आहेत. इथे व्रतं नाहीत, रोवणी आहे. बांधी सोडून दुपारी घरी जेवायला येणं परवडत नाही.

अकरा चाळीस. सिस्टरला हाक मारावी लागत नाही. ती आधीच उभी आहे. थोरलीचं बोट पुसते, टोचते, पहिला थेंब कापसाने टिपून दुसरा पट्टीला लावते. यंत्र पाचापासून उलटं मोजतं.

१४८.

धाकटीला उठवून तिचं बोट टोचावं लागतं. तिचा पेला उशिरा संपला, पण वेळ पहिल्या घोटापासून धरायची असते. १०१. नवऱ्याला वाटतं शंभरपैकी मिळाले. तो इतका खूश होतो की आशाताई त्याला खरं काय ते सांगत नाही.

भाची १४८ कडे क्षणभर पाहत राहते. रक्त पातळ आहे. त्यातले चार-सहा यंत्राचे असू शकतील. आणि १४० ही रेषा तरी कुणी आखली? माणसांनीच. २००८ मध्ये नऊ देशांतल्या तेवीस हजारांहून जास्त गरोदर बायांची साखर मोजून अभ्यास झाला, त्यात निघालं ते असं की धोका कुठल्याही एका आकड्यापाशी सुरू होत नाही, तो पायरीपायरीने चढत जातो. त्या अभ्यासाच्या पंधरा केंद्रांत भारतातलं एकही नव्हतं. तरी रेषा कुठेतरी ओढावीच लागते आणि भाची ती मानते. रजिस्टरात थोरलीच्या नावापुढे लाल पेनाने खूण होते. प्रयोगशाळेसाठी शिरेतून थोडं रक्तही घेतलं जातं.

आता सांगायचं कसं? बाळाला काय होतं हे भाची मायला सांगते. साखर वारेतून पार होते, आईचं इन्सुलिन होत नाही. बाळाला जास्तीची साखर मिळाली की ते आपलं इन्सुलिन वाढवतं आणि फुगतं. जन्मल्यावर नाळ कापली, साखर बंद झाली, पण इन्सुलिन चढलेलंच. मग बाळाची साखर एकदम पडते. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात अंगावर पाजायचं. कोपनहेगनच्या डॉ. पेडरसननी हे पन्नासच्या दशकात मांडलं, हे भाची अर्थात सांगत नाही. ते मला आठवतं.

"मंग मी मनतच होतो," माय एकदम उसळते. "पोटुशीनं कमी खाव. बाळ मोठं झालं तं अडकते. आमाले आमच्या सासूनं अर्धपोटीच ठेवलं."

मला धस्स होतं. भाची नेमकी याच वाक्याला भीत होती, आणि ते तिने सांगितलेल्या शास्त्रातूनच उगवलं. छापील आहारतक्ता टेबलावर आहे. त्यात ओट्स आणि सफरचंद आहे. 'भात बंद' हेही त्यात आहे. ४३ किलोच्या बाईला भात बंद सांगितला तर तिने खायचं काय? भाची तक्ता उलटा करते आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पाच गोल काढते.

"माय, कमी नाही. एवढाच भात, पण पाच वेळा. दोन वेळा डोंगर नको." एकेका गोलात ती लिहीत जाते. डाळ आधी, मग भात. सकाळी निघताना काहीतरी खायचंच. अंगणवाडीत अमृत आहार मिळतो का? शेवटच्या तीन महिन्यांत गरोदर आदिवासी बाईला रोज एक गरम जेवण, २०१५ पासूनची योजना. थोरलीला आता थोड्या दिवसांनी ते सुरू होईल. अंडं खायचं, हिरवी भाजी खायची, शेंगदाणा-गुळाचा लाडू मिळाला तर अर्धा. सुकवलेली मोहफुलं? माय अपराधी चेहरा करते. घरात आहेत, उकडून देते लेकीला, ताकद येते म्हणून. "ती थोडी राहू दे," भाची म्हणते, "मासोळ्या चालतील, कितीही." मायचा चेहरा उजळतो.

दोन आठवडे असं खायचं, मग जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा आकडा. १२० च्या आत आला तर ठीक, नाहीतर औषध. गोळी किंवा इन्सुलिन. इन्सुलिन ठेवायला घरी फ्रीज नाही. ओल्या माठात ठेवता येतं, तेही आशाताईला ठाऊक आहे. बाळंत झाल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा हेच ७५ ग्रॅम. सिस्टर पुढची तारीख घालते: २३ ऑगस्ट.

"तवरी रोवना सरते," थोरली बोटांवर मोजून म्हणते. "येतो मी."

सव्वाबारा. माय बाकाखालून डबा ओढते. झाकण निघतं, मासोळ्यांचा वास व्हरांडाभर होतो, आणि या वेळी धाकटी मळमळत नाही. उलट सरकून जवळ येते. थोरली भातावर हात ठेवून थांबते. मग बोटांनी मधोमध रेघ ओढून अर्धा भात झाकणात काढते. त्या झाकणातला थोडा धाकटीच्या पुढ्यात सारते, उरलेला पुन्हा डब्याच्या एका कडेला लोटते.

"हा कायले ठेवला?" माय विचारते.

"तीन वाजताचा."

रस्त्यावर परतीच्या ट्रॉलीचा हॉर्न वाजतो. माय घाईने पाण्याची बाटली शोधू लागते. थोरली सावकाश जेवते आहे.